शोभा वाढवायला कोण येईल?

पत्र थोडक्यात : कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. वाचनालयाशी जोडलेल्या पंधरा-सोळा जणांच्या गटानं गेल्या जानेवारीत घाटावर आणि जुन्या पेठेत तीन दिवसांचा कला महोत्सव भरवला. चाळीस कलाकारांना व्हॉट्सअॅपवर निमंत्रण पाठवलं. अकरा जण 'नक्की येतो' म्हणाले, आले सहा. एका शिल्पकारानं तर 'तुम्हाला काय हवंय तेच कळत नाही' असं तुटक उत्तर दिलं. कोकणातून आलेल्या छायाबाहुल्यांच्या खेळात लोकांना काही दिसलंच नाही. यंदा वर्गणी आणि देणग्या मिळून तीन लाख रुपये जमतील. ज्येष्ठ म्हणतात, त्यातले एक लाख देऊन मुंबईचा एक नामवंत चित्रकार आणू. बाकीच्यांना शाल-श्रीफळ आणि प्रसिद्धी मिळेलच. तरुण मंडळी म्हणतात, सगळ्यांसाठी खुलं आवाहन करू. पत्रलेखिकेचा प्रश्न : "कलाकारांना छोट्या गावात यायचंच नसतं का? त्यांना आणायचं तरी कसं?"

उत्तर

नमस्कार.

पत्राबरोबर गेल्या वर्षीच्या निमंत्रणाची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका पानातच आहे. वर गणपती, खाली समितीतल्या तेवीस जणांची नावं पदांसकट, उजव्या कोपऱ्यात आमदारांचा फोटो, आणि मधे एकच वाक्य : 'आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.' हे लग्नपत्रिकेचं वाक्य आहे. लग्नाला आलेल्या माणसानं जेवायचं, आहेर द्यायचा आणि निघायचं असतं. तुमच्याकडे येणाऱ्यानं मात्र चार दिवस उन्हात उभं राहून भिंत रंगवायची होती. कुठली भिंत, केवढी, रंग कोणाचे, झोपायचं कुठे, पैसे किती, यातलं एक अक्षर त्या पानावर नाही. त्या शिल्पकाराचं उत्तर तुटक असेल, पण खरं आहे.

म्हणून 'कलाकारांना छोट्या गावात यायचं नसतं' हे गृहीतक आधी बाजूला ठेवा. गाव छोटं म्हणून नकार देणारे थोडे. हो-नाही ठरवण्याइतकी माहितीच हातात नसते म्हणून गप्प बसणारे पुष्कळ. आणि जे 'नक्की येतो' म्हणून आले नाहीत, त्यांचं 'नक्की' आपल्याकडच्या 'बघू'इतकंच होतं. तारखेला आगाऊ पैसे बांधलेले नसले की पक्कं काम आलं त्या दिवशी ती तारीख विकली जाते. त्यात अप्रामाणिक काही नाही, पोटाचा प्रश्न आहे.

आता ज्येष्ठांचा एक लाखाचा प्रस्ताव. तो हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या नावामुळे देणगीदार सैल होतात हे खरं आहे. पण तो चित्रकार एक लाखात करणार काय, हे त्यांना विचारा. उद्घाटनाची फीत कापून रात्रीच्या गाडीनं परतणार असेल, तर तो खर्च सत्काराचा झाला, कलेचा नाही. पेठेतला माणूस थांबतो तो हात चालताना बघायला. फिरत्या चाकावर मडकं उचलताना, पाटीवर 'किराणा'चा 'कि' एका फटक्यात उतरताना. नामवंतांना बोलवायचंच असेल तर काम देऊन बोलवा : निवड समितीत बसवा, किंवा वाचनालयाच्या गच्चीवर पडद्यावर चित्रं दाखवत दीड तासाचं व्याख्यान ठेवा. मानधन काय घ्याल, हे त्यांनाच सरळ विचारा. कुणी सांगावं, आकडा तुमच्या धास्तीपेक्षा लहान निघेल.

'बाकीच्यांना प्रसिद्धी मिळेल' हे वाक्य मात्र समितीच्या बोलण्यातून कायमचं काढून टाका. मंडपवाला, जनरेटरवाला, फ्लेक्सवाला यांना तुम्ही प्रसिद्धीवर बोलावत नाही. ज्याच्यासाठी हा सगळा मांडव, त्यालाच फुकट राबवायचं, हा हिशेब कुठल्याच बाजूनं बसत नाही.

तीन लाखांत चाळीस कलाकार होत नाहीत. दहा होतात, आणि नीट होतात. मांडणी साधारण अशी करता येईल. भित्तिचित्रं तीन : मानधन प्रत्येकी १५,००० म्हणजे ४५,०००, रंगसाहित्य २५,०००, परांची आणि टेकू ९,०००. मोकळ्या जागेत वस्तू मांडून उभारायच्या मांडणीशिल्पांच्या दोन कलाकारांना मानधन प्रत्येकी १५,००० आणि सामानाला प्रत्येकी १२,०००, म्हणजे ५४,०००. पेठेत बसून तीन दिवस काम करून दाखवणारे पाच : दिवसाला २,००० प्रमाणे प्रत्येकी ६,००० आणि कच्च्या मालाला २,०००, म्हणजे ४०,०००. प्रवास-मुक्काम-जेवण ३५,०००. दिवे, वीज, ध्वनी ३५,०००. पाट्या आणि छपाई १२,०००. रात्रीचे राखणदार, परवानग्या, अनामत १५,०००. उरले ३०,०००, ते राखीव. राखीव म्हणजे राखीव; अध्यक्षांना आयत्या वेळी सुचलेल्या ढोल-ताशासाठी नव्हे. या आकड्यांत तुमच्या भागाप्रमाणे फरक होईल, पण एक शिस्त बदलू नका : मानधन, साहित्य आणि प्रवास हे तीन वेगळे रकाने. 'सगळं मिळून वीस हजार' असं सांगितलं की कलाकार रंगात काटकसर करतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर ते दिसतं.

खुलं आवाहन की थेट निमंत्रण, या तुमच्या भांडणात दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. भित्तिचित्रं आणि मांडणीशिल्पं यांच्यासाठी खुलं आवाहन करा. पेठेतल्या पाच जागांसाठी मात्र घरी जाऊन बोलवा, कारण मूर्तिकार, कुंभार, पाट्या रंगवणारे पेंटर हे आवाहन वाचून अर्ज करणाऱ्यांतले नाहीत. 'आमच्या गावात कलाकार नाहीत' असं तुम्ही ओघात लिहून गेलात. गावात मूर्तिशाळा किती आहेत? फ्लेक्स येण्याआधी बाजारपेठेतल्या पाट्या कोण लिहायचं? दिवाळीत कुणाच्या दारातली रांगोळी बघायला लोक वाट वाकडी करून जातात? शाळेतले चित्रकलेचे सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतात. त्यांच्या हाताखालून गेलेली किती मुलं पुढे कोल्हापूर-पुण्याला कलेचं शिकायला गेली, हे त्यांना तोंडपाठ असतं. पहिली यादी त्यांच्याकडून घ्या.

आवाहनात अर्जदाराकडे मागायचं ते कमीत कमी. आधी केलेल्या कामाचे तीन फोटो, काय करायचं मनात आहे ते दहा-बारा ओळींत, नाव-गाव-फोन. बस्स. अर्जाबरोबर पूर्ण रेखाटन मागू नका; साठ जणांकडून फुकट रेखाटनं घेऊन तिघांना काम देणं म्हणजे सत्तावन्न जणांची मेहनत खिशात घालणं. सहा जण निवडून मग त्यांच्याकडून रेखाटन घ्या आणि प्रत्येकी हजार-दीड हजार द्या. हे पैसे साहित्याच्या रकमेतून निघतात. प्रवेशशुल्क ठेवू नका. अर्ज मराठीत असू द्या, आणि ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याला व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवू द्या. गूगल फॉर्म इंग्रजीत केलात की तुमच्याच तालुक्यातले निम्मे गळतील.

निवडीला तीनच माणसं पुरेत : गटातलं एक, बाहेरगावचा एक काम करणारा कलाकार, आणि पेठेत राहणारं किंवा दुकान असणारं एक. तिसरं माणूस विसरू नका, भिंतीसमोर वर्षभर तेच बसणार आहे. समितीतल्या कुणाचा भाचा-पुतण्या अर्जदार असेल, तर त्या माणसानं त्या अर्जापुरतं उठून बाहेर जायचं. गावात हे बोलायला अवघड असतं, म्हणून आवाहनातच लिहून टाका. मग कुणी एकानं वाईटपणा घ्यायची गरज राहत नाही.

पण यातलं काहीही करण्याआधी एक काम आहे, आणि बहुतेक महोत्सव तिथेच चुकतात. जागा आधी, कलाकार नंतर. मुंबईत २०१७ साली ससून डॉकमध्ये कला प्रकल्प झाला, तेव्हा त्या जागेचा माशांचा वास आणि कोळी माणसं हाच बऱ्याच कामांचा विषय झाला. जागा ठरली असली की कलाकाराला विचार करायला काहीतरी मिळतं. 'घाट परिसर' ही जागा नाही. टेप घेऊन निघा. प्रत्येक भिंतीचा फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि रस्त्यापलीकडून घ्या. रुंदी, उंची, गिलावा सिमेंटचा की चुन्याचा, ऊन किती ते किती, जवळचा नळ आणि विजेचा बोर्ड किती फुटांवर, समोर गाड्या लागतात का, सगळं टिपा. मालकाची लेखी संमती त्याच फेरीत घ्या. वाड्याला चार भाऊ मालक असतील तर चौघांची. तिसऱ्या दिवशी पुण्याहून आलेला धाकटा 'मला कुणी विचारलं?' म्हणतो, तेव्हा चित्र अर्धं झालेलं असतं.

भिंतीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. तळहात फिरवून बघा. पांढरी भुकटी आली तर लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, आहे. खालच्या दोन-तीन फुटांत ओल चढत असेल तर वरून कितीही भारी रंग लावा, पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटणार. कारण ओल आतून येते, आणि येताना क्षार घेऊन येते. अशी भिंत सरळ सोडा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान २८ दिवस वाळू द्या. जुना चुन्याचा हात पोपडत असेल तर पत्र्यानं खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन दोन दिवस सुकवा. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. १० बाय २० फुटांच्या भिंतीला, म्हणजे २०० चौरस फुटांना, बाहेरच्या इमल्शनच्या दोन हातांसाठी चारेक लिटर रंग लागतो. खरबरीत भिंत त्याहून जास्त पिते. हा पाया कलाकार येण्याच्या तीन दिवस आधी तुमच्या रंगाऱ्यानं करून ठेवायचा. चार दिवसांसाठी आलेल्या चित्रकाराचा पहिला दिवस भिंत खरवडण्यात गेला, तर उरलेल्या तीन दिवसांचं काम घाईचंच होणार. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर रंग ब्रशातच सुकतो. तिथे सकाळी काम, किंवा वर शेडनेट.

घाटाचा दगड मात्र रंगवू नका. दगड आणि जुना चुना ओल बाहेर टाकत असतात. प्लास्टिकसारखा थर बसला की ती आत कोंडते आणि पृष्ठभाग सुटायला लागतो. शिवाय घाटाला किंवा देवळाला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असेल तर प्रश्न तुमच्या हातातला उरतच नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं; नगरपालिकेत आधी विचारून घ्या. म्हणूनच वरच्या हिशेबात तिसरं भित्तिचित्र घाटासाठी असलं तरी प्लायवर धरलं आहे : ८ बाय ४ फुटांचे तीन तक्ते, १२ मिलिमीटरचे, पाण्याला टिकणारे, कडांना आणि मागूनही प्रायमर मारलेले, मागे लोखंडी चौकट आणि तिच्या पायावर वाळूची पोती. नदीकाठचा वारा संध्याकाळी उलटू शकतो. चौकट फक्त समोरून टेकवलीत तर ती लोकांच्या अंगावर येईल. टेकू दोन्ही अंगांनी द्या.

गेल्या वर्षीच्या छायाबाहुल्यांचा दोष खेळ करणाऱ्यांच्या माथी मारू नका. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) या तिन्ही परंपरा सांभाळल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चामड्याच्या बाहुलीचा सगळा जीव पडद्यामागच्या एका दिव्यात असतो. तुम्ही खेळ साडेसहाला ठेवलात, दहा पावलांवर दोन हॅलोजन चालू, आणि पडदा वाऱ्यानं फुगतोय. दिसणार काय? अशा खेळाला अंधार हवा, म्हणजे जानेवारीत साडेसातनंतर. तीन बाजूंनी आडोसा हवा. पडद्याची खालची कड बांबूला ताणून बांधलेली हवी. आणि आसपासचे दिवे विझवायला एक नेमलेला माणूस हवा. प्रेक्षक शंभर-सव्वाशेच, कारण मागे बसलेल्याला वीतभर बाहुली कळत नाही. त्यापेक्षा दोन खेळ लावा. यंदा त्यांना पुन्हा बोलवायचं झालं तर एक मांडणीशिल्प कमी करा. अशा मंडळींना बोलावताना 'कलाकार' म्हणजे एक माणूस धरू नका. किती जण येणार, पेटारा कशातून येणार, कुणाच्या नावे पैसे द्यायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. वारलीचंही तेच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली काढणारे हात आता गावोगाव झाले आहेत, पण 'आमचा पेंटर वारली काढून देतो' म्हणणं आणि पालघरच्या वारली चित्रकाराला काम देणं यांत फरक आहे. बाहेरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा रंग पावसात टिकत नाही. तिथे पांढरा अॅक्रेलिक वापरतात. ते चालेल का, हेही त्यांनाच विचारा.

तारखेचं बघा. जानेवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे प्रजासत्ताक दिन; पोलीस बंदोबस्तात, शाळा कवायतीत. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, तो जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. पणजीचा सेरेंडिपिटी डिसेंबरात. तिकडे गुंतणारे हात तुम्हाला त्या काळात मिळणार नाहीत. मग बारावी-दहावीच्या परीक्षा येतात. मूर्तिकार उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत मान वर करत नाहीत. पाट्या रंगवणारे निवडणूक लागली की गायब. संक्रांत उलटली की येणारे शुक्रवार ते रविवार तुमच्यासाठी सगळ्यात मोकळे. नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता मधे येते का, तेवढं तहसील कार्यालयात विचारा. मागे मोजा : आवाहन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अर्ज चार आठवडे, निवड दिवाळीच्या आगेमागे, आणि नोव्हेंबर संपायच्या आत सगळ्यांशी लेखी करार. डिसेंबर लागला तरी करार नसेल, तर त्या कलाकाराला नाही धरा आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला फोन करा.

आता पत्र. भिंतीसाठी ते असं लिहिता येईल; नावं आणि तारखा तुमच्या घाला :

"स. न. पेठेतल्या वाचनालयाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर (२० फूट रुंद, १० फूट उंच, सिमेंटचा गिलावा, सकाळी ऊन, फोटो सोबत) तुम्ही चित्र काढावं, असं निवड समितीला वाटतं. काम १५ ते १८ जानेवारी. भिंत प्रायमरसह तयार मिळेल. तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे रंग-ब्रश आम्ही आणू. परांची आणि एक मदतनीस आमचा. मानधन १५,००० रुपये : त्यातले ६,००० होकार आल्यावर आठ दिवसांत खात्यावर, ९,००० रविवारी तुम्ही निघण्याआधी. दोन माणसांचा येण्याजाण्याचा खर्च, स्वतंत्र खोली, तीन वेळचं खाणं आमच्याकडे. भिंतीपासून चाळीस पावलांवर वाचनालयाचं स्वच्छतागृह आहे, ते दिवसभर उघडं राहील. चित्र निदान दोन वर्षं ठेवू. त्यानंतर पुसायचं झालं तर तीस दिवस आधी कळवू. फोटो महोत्सवाच्या प्रसिद्धीसाठी तुमच्या नावासह वापरू. कॅलेंडर, टी-शर्ट किंवा जाहिरातीसाठी वेगळं विचारू. सत्कार-भाषणांना बसायलाच हवं असं नाही. १० नोव्हेंबरपर्यंत हो किंवा नाही कळवावं. नाही म्हणालात तरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारू."

स्वच्छतागृहाची ओळ वाचून समितीत कुणीतरी हसेल. हसू द्या. दिवसभर परांचीवर उभी राहणारी मुलगी ती ओळ आधी वाचते. गेल्या वर्षी आलेल्या सहांपैकी बाई एकच होती, असं तुम्हीच लिहिलं आहे.

दोन वर्षं आणि तीस दिवस ही वाक्यं शोभेची नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भलंमोठं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग त्यांना परत द्यायला सांगितले आणि ५ लाखांची भरपाई दिली. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ : काम विकलं, हक्क दिले, तरी त्यावर आपलं नाव लागावं आणि त्याची विटंबना होऊ नये, हा कलाकाराचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. दुसरीकडे कलम १७ अनेक कलाकारांनाच माहीत नसतं. पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही लिहून ठेवलं नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढवून घेणारा ठरतो. शिल्पाला हा नियम लागू नाही. तुम्हाला हे कळलं म्हणून त्याचा फायदा घेऊ नका. करारात लिहा की कॉपीराइट कलाकाराचा, आणि तुम्हाला प्रसिद्धीपुरती परवानगी. पेठेतल्या मिठाईवाल्यानं उद्या ते चित्र पेढ्याच्या खोक्यावर छापलं, तर कुणाला विचारायचं हे सगळ्यांना ठाऊक राहील.

मांडणीशिल्पाच्या कलाकारांना भिंतीपेक्षा जास्त प्रश्न विचारा, कारण तिथे जास्त बिघडतं. वजन किती? जमिनीत खड्डा लागेल का? मुलं चढली तर? (चढतातच.) कापड असेल तर वारा जायला फटी आहेत का? नाहीतर त्याचं शीड होतं. कागद असेल तर पहाटेचं दव आणि नदीवरचं धुकं धरलं आहे का? वीज लागणार असेल तर किती वॉट? ५० वॉटचे बारा एलईडी म्हणजे ६०० वॉट, त्यात ध्वनियंत्रणा; महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन आणि जोडीला जनरेटर ठेवा, आणि घाटासारख्या ओल्या जागी अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर असल्याशिवाय एकही तार टाकू देऊ नका. वायर पायवाटेवरून नाही, डोक्यावरून. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. आणि रविवारी रात्री ते शिल्प कोण, कशातून, कुठे नेणार, हे शुक्रवारच्या आधी ठरलेलं असू द्या. नाहीतर मार्चपर्यंत ते पाराला टेकून उभं राहतं आणि लोक त्यावर कपडे वाळत घालतात.

सामान वेळेवर न पोचणं, वीज नसणं, गळतं छप्पर हे फक्त गावाचे प्रश्न नाहीत. केरळमधलं कोची बिनाले हे मोठं कला प्रदर्शन २०२२ मध्ये १२ डिसेंबरला उघडायचं होतं, ते ऐन वेळी २३ तारखेवर गेलं, आणि सहभागी कलाकारांनी अडचणी मांडणारं खुलं पत्र लिहिलं. तुमचा महोत्सव त्याच्या पासंगाला नाही, पण म्हणूनच तो सांभाळता येण्याजोगा आहे. प्रत्येक कलाकारामागे गटातलं एक माणूस नेमा : त्याचा फोन उचलायचा, खोली दाखवायची, दुपारचा डबा भिंतीपाशी पोचवायचा, शाई-खिळे-सुतळी आणून द्यायची. दहा कलाकार, दहा माणसं. तुम्ही पंधरा-सोळा आहात, जमेल. कलाकाराच्या माथी न ठरलेलं काम मारायचं नाही, हे या दहांना बजावून ठेवा. 'आलाच आहात तर मुलांची कार्यशाळा घ्या ना' हा सगळ्यात नेहमीचा अपराध. कार्यशाळा हवी असेल तर तिचे वेगळे दीड-दोन हजार आणि आधी विचारणं.

पाटीवर नावं अकारविल्हे लावा, एकाच मापाच्या अक्षरात : नामवंत आणि कुंभार शेजारी. देणगीदारांची पाटी वेगळी, मांडवाच्या तोंडाशी. उद्घाटन संध्याकाळी ठेवा आणि कामं सकाळीच सुरू होऊ द्या. पाहुण्यांची गाडी दोन तास उशिरा आली तरी कुणाच्या रंगाचा डबा अडून राहत नाही.

शेवटची गोष्ट, जी तुम्ही ताजा कलमात उरकली आहे. गेल्या वर्षी मिरजेहून आलेल्या मांडणीशिल्प करणाऱ्या मुलाचे टेम्पोचे २,८०० रुपये 'पावती दिली नाही म्हणून' अजून बाकी आहेत. टेम्पोवाले पावती देत नाहीत, हे तुमच्या खजिनदारांनाही ठाऊक आहे. कोल्हापूर-सांगली-मिरजेचे कलाकार एकमेकांच्या ग्रुपवर असतात. तुमच्या नव्या पत्राआधी त्या २,८०० रुपयांची बातमी पोचलेली असेल. एका साध्या कागदावर रक्कम, तारीख, गाडी नंबर आणि त्याची सही घेतली की हिशेबाला आधार होतो. सनदी लेखापालांना विचारून घ्या. पैसे याच आठवड्यात पाठवा. बरोबर एवढंच लिहा : 'उशीर आमच्याकडून झाला, माफ करा. पैसे पाठवले आहेत, मिळाले की कळवा.' यंदाच्या महोत्सवाचा विषय त्या निरोपात काढू नका.